अंधुक फोटो

घानातल्या कुमासी शहरात माझं फलक छापायचं दुकान आहे. तिथे याव बोआतेंग आईच्या अंत्यविधीचा दहा फुटी फलक करून घ्यायला आला.

"मामा, तिचा हा एकच फोटो आहे माझ्याकडे. तिनेच पाठवलेला. पण धड काढताच आला नाही तिला, सगळा अंधुक. तुमच्या कॉम्प्युटरवर स्पष्ट करा."

मी फोन घेतला. फोटोच्या मधोमध डाउनलोडचा बाण असलेला छोटा गोल होता. माझंच काही चुकत असेल, म्हणून मी दोनदा चष्मा पुसला. फोटो अंधुक नव्हताच, यावने तो अजून उघडलाच नव्हता. खाली आईने लिहिलं होतं, "याव, एकदा बघ रे." तारीख तिच्या मृत्यूच्या आठ दिवस आधीची.

मी बाणावर बोट ठेवलं. फोटो लख्ख उघडला. खाटेवर बसलेली आई, आणि तिने पुढे धरलेला, गुडघ्यापर्यंत काळा पडलेला पाय.

याव वाकून बघत राहिला. मला त्याच्या शेजारी उभं राहायचीही किळस येत होती, तरी तो काय बोलतो याची मी वाट पाहिली.

"वा मामा, किती स्पष्ट केलात!" तो म्हणाला. "आता तो पाय काढून टाका, गळ्यात सोनं घाला, आणि तिला जरा हसरी करा."