चादर धरणारे हात

“हनुवटी जरा वर. आणखी. बस, आता हलू नको,” वैजनाथ मोबाईलमागून म्हणाला.

हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन सत्यशीलाबाई दारातल्या स्टुलावर अवघडून बसली होती. पाठीमागे वैजनाथच्या बायकोने, मंजुषाने, पांढरी चादर दोन्ही हातांनी उंच धरली होती. समोर टेकवलेल्या स्टीलच्या ताटावरून सकाळचं ऊन नेमकं सत्यशीलाबाईच्या गालावर पडत होतं.

घरच्या घरी भारी फोटो कसे काढायचे, हे कुरुंद्याच्या या पठ्ठ्याने मोबाईलवरून साऱ्या दुनियेला शिकवलं होतं. चाळणीतून ऊन पाडून मंजुषाचा फोटो काढला. उदबत्तीच्या धुरात शेळीचं करडू बसवलं. हळदीच्या गड्ड्याला तर असं नटवलं, की लोक विचारायचे, हा डोंगर कुठला?

या सगळ्यात चादर धरायचं काम आईचं असायचं. कडेला तिची बोटं दिसली, की वैजनाथ तेवढा भाग कापून टाकायचा.

“आत्याबाईंचा बी काढा की एखादा,” मंजुषा सासूसाठी म्हणायची.

“काढू की. ती काय, घरातच हाय,” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आधार कार्डावरचा काळपट चौकोन सोडला, तर आईचा एकही फोटो नव्हता. परवा मोबाईल चाळताना हे ध्यानात आलं. हजारो फोटो, त्यात करडाचेच साठ. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की मंजुषाकडे बघवेना.

बाहेर आचारी बुंदी पाडत होता. पाहुणे यायच्या आत फोटो फ्रेममध्ये बसवून आणायचा होता. चार माणसांत हसं व्हायला नको.

मंजुषाने चादर खिळ्यांना अडकवली आणि कुंकवाचा करंडा आणला. सत्यशीलाबाई मागे सरली.

“लावू दे,” वैजनाथ खाली बघत म्हणाला. “एवढ्या टायमाला.”

तिने डोळे मिटले. मंजुषाने ठसठशीत कुंकू लावलं, मग काजळाचं बोट हनुवटीला टेकवलं.

“जरा डावीकडं, पोरी,” सत्यशीलाबाई हळूच म्हणाली.

“आता थोडं हस,” वैजनाथ म्हणाला.

“कुठून आणू रं वैजू हसू?”

“लई तकलीफ देऊन राहिलो तुला. ऱ्हाऊ दे, तशीच बस.”

फोटो निघाला. मोबाईल हातात घेऊन तिने तो बराच वेळ पाहिला.

“बराबर आली,” एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

दुपारी वसमतहून फ्रेम आली. वैजनाथचे वडील लिंबाजी काठी टेकत भिंतीपाशी आले. अधू डोळे काचेजवळ नेऊन त्यांनी चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

“पंचफुला बराबर आली हाय. लोक म्हणत व्हते, पोरानं आईचा एक फोटो बी काढला न्हाई! कवा काढला व्हता रं?”

वैजनाथने टोपी काढली. तुळतुळीत भादरलेलं डोकं खाली घातलं.

“मागल्या साली.”

लिंबाजींनी फोटोला झेंडूचा हार घातला. दारात कोऱ्या कपाळाने उभी असलेली सत्यशीलामावशी हनुवटीवर उरलेला काजळाचा तीळ पदराने पुसत होती.