दोन ग्लासांचं भांडं

मिक्सरच्या भांड्यात एका ग्लासापुरता मिल्कशेक होत नसे. पातं नुसतंच गरगरायचं आणि चिकूच्या फोडी कडेला चिकटून बसायच्या. म्हणून नवरा गेल्यावरही कालिंदीबाई रोज दुपारी चारला दोघांपुरतं दूध ओतायच्या. एक ग्लास त्या प्यायच्या, दुसरा फ्रिजमध्ये जायचा. सकाळी त्याला पाणी सुटलेलं असायचं, मग तो मोरीत.

आज दोन चिकू सोलले आणि त्यांना एकदम वीट आला. उभ्याउभ्याच एक चिकू खाऊन त्यांनी दूध परत आत ठेवलं.

साडेचारला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे दाभोळकर. ऐन झोपेच्या वेळी मिक्सर लावता म्हणून गेल्या वर्षी भांडून गेलेले.

"आज लावलाच नाही हो मी," कालिंदीबाई आधीच म्हणाल्या.

"तेच विचारायला आलो." दाभोळकर चपलेकडे बघत होते. "तो वाजला की मी उठतो, एकट्यापुरता चहा टाकतो. आज वाजला नाही. म्हटलं, बऱ्या आहात ना?"

दिवसभरात कालिंदीबाईंशी कुणी आपणहून बोललेलं हे पहिलंच.

"आज चहा राहू द्या, आत या," असं म्हणून कालिंदीबाईंनी दूध पुन्हा बाहेर काढलं आणि खाल्लेल्या चिकूच्या जागी दुसरा सोलायला घेतला.