काठोकाठ तांब्या

तीस वर्षं क्लचचे धक्के खाऊन कंबर गेली, म्हणून नवी गाडी पारखायचं काम कुसुमलताबाईंनी स्वतःकडे घेतलं. गाडी नवरा चालवणार आणि त्या शेजारी ताकाचा काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरून बसणार. जिच्यात ताक सांडणार नाही, ती गाडी घ्यायची.

स्वस्तातली ऑटोमॅटिक दर गिअरला नंदीबैलासारखी मान हलवत होती. ताक पदरावर आलं.

मग डबल क्लचवाली. "हिच्यात एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, काकू," शोरूमवाला म्हणाला. धुळे रोडला खरंच थेंब हलला नाही. पिंप्राळ्याच्या गर्दीत मात्र अर्धा तांब्या नवऱ्याच्या, सुरेशचंदांच्या पँटवर गेला.

"दोन क्लच आपसात भांडतात, दुसरं काय!" म्हणत सुरेशचंद फणफणत शोरूमबाहेर उभ्या आपल्या जुन्या गाडीत मागे जाऊन बसले. किल्ली सोबत आलेल्या सुनेने, जिनलने घेतली. कुसुमलताबाईंनी बरणीतलं ताक ओतून तांब्या पुन्हा काठोकाठ भरला.

घर आलं. थेंबही सांडला नव्हता. त्यांनी तांब्या तसाच मागे नवऱ्याच्या हातात दिला.

"घ्या, प्या. मी उगाच एवढी वर्षं गाडीला बोल लावत होते."