मशीन चालू आहे

कंपनीचं चिन्ह आलं, त्याखाली ठिपके पळाले आणि मॉनिटर पुन्हा काळा झाला. श्यामसुंदररावांनी बटण दाबून धरलं. मशीन गप्प झालं.

सकाळपासून हेच चाललं होतं. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या पुतण्यानं, सलिलनं, नव्या सिस्टीमची सीडी देतानाच बजावलं होतं की काका, तुमचं मशीन जुनं आहे, ही सिस्टीम त्याला सपोर्ट करत नाही, नंतर मला बोलू नका. पण त्यांच्या पत्नीला, मंदाकिनीबाईंना, हवं असलेलं मजकूर मराठीत वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर चालत नव्हतं. आणि श्यामसुंदररावांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली. 'सपोर्ट करत नाही' म्हणजे अजून कुणी करून बघितलेलं नाही, असा ते त्याचा अर्थ लावत.

काल तर सिस्टीम चढलीही होती. अक्षरं जाडीभरडी दिसत होती, पण दिसत होती. त्यांनी वाचणारं सॉफ्टवेअर टाकलं, मशीन लावलं की ते आपोआप सुरू व्हावं अशी सोयही करून ठेवली. मग मशीननं आपण होऊन इंटरनेटवरून डिस्प्लेचा कुठलासा नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. तेव्हापासून हे असं.

सलिलला फोन झाला. त्यानं सेफ मोडमध्ये जायला सांगितलं. तिथं चित्र येत होतं, पण त्या मोडमध्ये आवाज बंद. तिथून ड्रायव्हर काढून टाकला, तर मशीननं तो पुन्हा बसवून घेतला. दोनदा काढला, दोनदा बसला. शेवटी सलिल म्हणाला, की जुनी सिस्टीम परत टाका, नाहीतर नवं मशीन घ्या. आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

मंदाकिनीबाई शेजारच्या कॉटवर बसून हे सगळं ऐकत होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तेव्हापासून पेपर श्यामसुंदररावच वाचून दाखवत. मेलही तेच वाचत, आणि बाई सांगतील ते उत्तर टाइप करत. मात्र श्यामसुंदररावांना लांबण लावलेली खपत नसे. बाईंनी चार वाक्यं सांगितली की त्यातली दोनच मेलमध्ये उतरत. बाईंना हे कळलं ते त्यांच्या मैत्रिणीकडून. नीरजाबाईंनी फोनवर विचारलं होतं, "मंदा, तू हल्ली तार केल्यासारखं का लिहितेस?"

त्यानंतर बाईंनी अंधांसाठीच्या वर्गात नाव घातलं. रिक्षानं जाऊन-येऊन, न बघता कीबोर्ड चालवायला शिकल्या.

"जुनीच टाकतो परत," श्यामसुंदरराव म्हणाले. "एवढं काय अडलंय? मी आहे ना वाचून दाखवायला."

"तुम्ही आहातच," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "म्हणून तर."

खरं सांगायचं तर मघापासून श्यामसुंदररावांना आत कुठंतरी हलकंच वाटत होतं. सगळे प्रयत्न करून झाले होते, आता कुणी त्यांना नावं ठेवली नसती. जुनी सीडी शोधायच्या आधी एकदा बघावं म्हणून त्यांनी मशीन लावलं. चिन्ह आलं. ठिपके पळाले. काळं. त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बंद करू नका."

"अगं, बंदच पडलंय ते. काही दिसत नाहीये."

"तुम्हाला दिसत नाहीये. आत खरखर चाललीय त्याची. दर वेळी चाललेलीच असते, आणि तुम्ही बटण दाबता."

श्यामसुंदररावांनी बोट मागं घेतलं. खरखर त्यांनाही ऐकू आली. ती थोडा वेळ चालली, थांबली, पुन्हा चालली. मग स्पीकरमधून एक सूर निघाला आणि त्यामागोमाग कोरड्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "डेस्कटॉप. कचरापेटी."

मॉनिटर काळाच होता.

मंदाकिनीबाई उठल्या, टेबलाची कड धरून खुर्चीपाशी आल्या. श्यामसुंदरराव बाजूला झाले. बाईंनी कीबोर्ड चाचपला, खुणेचे बारीक उंचवटे असलेल्या दोन बटणांवर बोटं टेकवली आणि एक कळ दाबली. आवाजानं वेळ सांगितली, पण 'वेळ'चं 'वेल' करून.

"याला ळ म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण वाक्य पुरं करतोय."

कळा वाजायला लागल्या. आवाज एकेक नाव उच्चारत होता, बाई ते ओलांडून पुढं जात होत्या. श्यामसुंदरराव मागं उभे राहून काळ्या काचेकडे बघत होते. काय उघडलं, काय मिटलं, काही पत्ता लागत नव्हता. मग आवाज 'मेल' म्हणाला.

"कुणाची मेल आहे?" त्यांनी विचारलं.

"नीरजाची."

ते म्हणाले, की बाजारात जुनं डिस्प्ले कार्ड मिळेल, ते बसवलं की चित्रही येईल, उद्याच चौकशी करतो. बाई म्हणाल्या, काही घाई नाही, सावकाश बघा. मग त्यांनी हात पुढं केला.

"ते कानाला लावायचं असतं, ते कुठंय? जरा द्या."

श्यामसुंदररावांनी खणातून हेडफोन काढला. वायरचा गुंता सोडवला, खाली वाकून मशीनच्या मागची बारीक भोकं चाचपली आणि पिन बसवली. खोलीतला आवाज थांबला.

ते उठून उभे राहिले. बाई ऐकत होत्या, मान किंचित कलती करून. एक कळ दाबली. पुन्हा ऐकलं. आणि मग एकाएकी मोठ्यानं हसल्या.

श्यामसुंदररावांनी सवयीनं मॉनिटरकडे पाहिलं.