पिवळा की काळा

गुणवंतरावांनी पिवळा गॉगल डोळ्यांवर चढवला आणि आइस्क्रीमच्या डीप फ्रीजरमध्ये खांद्यापर्यंत मुंडकं घातलं.

"दिसून राह्यलं काय, काकाजी?" विक्कीनं वरून विचारलं.

"काईच नाई."

ब्रह्मपुरीत बर्फ म्हणावा असा बर्फ विक्कीच्याच दुकानात. तो क्रिकेटच्या बॅटा, शाळेचे बूट आणि आइस्क्रीम विकायचा. बर्फावर घसरताना घालतात ते गॉगल त्यानं गुणवंतरावांसाठी नागपूरहून मागवले होते. दोन. जो धुकं धरणार नाही तो ठेवायचा, दुसरा परत.

काळ्याला एकामागे एक अशा दोन काचा होत्या, वर हवेला भोकं होती. तो घालून गुणवंतराव पुन्हा वाकले. आतून आवाज आला, "मँगोच्या कपावरची तारीखबी दिसते. उलटून गेली नं बाप्पा, कवाचीच."

"मंग काळाच बांधतो," विक्की घाईनं म्हणाला.

"थांब नं."

गुणवंतराव बाहेर आले. दुकानात दोन फेऱ्या मारल्या, एक बॅट उचलली, ठेवली, एका बुटाचा तळवा उगाच पाहिला. मग पिवळा घालून पुन्हा फ्रीजरमध्ये. काच लगेच दुधासारखी झाली. त्यांना जरा बरं वाटलं.

त्यांची उर्वशी उद्या सकाळी औलीला निघणार होती. स्कीइंगच्या शिबिराला कॉलेजातून तिची एकटीचीच निवड झाली, आणि बापानं नाही म्हणायच्या आत चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर गुणवंतरावांचा फोटो मुलीच्या फोटोपेक्षा मोठा होता. एवढा मोठा फोटो लागलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तेव्हापासून ते दिवसा हार घालून घेत होते आणि जेवण झालं की मोबाइलवर स्कीवरून पडणाऱ्यांचे व्हिडिओ बघत होते. माणसं आधी उडत, मग गडगडत, मग गडगडतच राहत. पोरीनं आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा उतार म्हणजे वैनगंगेच्या पात्रात उतरणारी वाट. धानाच्या बांधीत घसरलं तर फार तर चिखल लागतो.

हिशेब साधा होता. काच धुरकटली की शिकवणारा पहिल्याच दिवशी बाजूला बसवेल. पोरगी खोलीत चहा पीत बसेल आणि दोन्ही गुडघ्यांसकट घरी येईल.

"पिवळा बांध."

"काकाजी, त्याच्यातून दिसत नाई म्हणता नं?"

"पिवळा रंग शोभते तिले."

विक्कीनं खोकं उघडलं, तेवढ्यात उर्वशी स्कूटी लावून आत आली. बापाच्या केसांवर बर्फाचा भुसा होता. तिनं विक्कीच्या हातातला पिवळा घेतला, चढवला आणि फ्रीजरमध्ये वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"दिसते काय?" गुणवंतरावांनी विचारलं. आवाज नको तितका सहज होता.

"काईच नाई." ती बाहेर आली. "हाच घ्या, बाबा."

आता विक्कीला राहवेना. "अवं, काळा चांगला हाय. ह्याच्यातून उतारावर समोरचं काईच दिसणार नाई तुले."

"म्हणूनच तं," उर्वशी म्हणाली. "दिसलं तं पाय नाई उचलणार माह्यानं. व्हिडिओ काय एकटे बाबाच पाह्यतेत? दिसलंच नाई तं जाईन एकदाची खाली. मंग पाहू."

 गुणवंतरावांनी पुढे होऊन तिच्या हातातून पिवळा ओढून घेतला, बॅटांच्या मागे टाकला आणि काळा स्वतःच खोक्यात भरायला लागले. पट्टा काही केल्या आत जाईना.

"बाबा, हा घातला तं मी उतरायचीच नाई."

"नोको उतरू," गुणवंतराव पट्टा दाबत म्हणाले. "वरतून पाहून तं ये."