ईझ्रा टकर तीन बैठकांना हजर

समितीवाल्यांनो, नावं तुमच्याकडे आधीपासूनच होती. टाइप केलेली, ओळीने, तारखांसकट. तरी तुम्हाला ती लेलंडच्या तोंडून ऐकायची होती. माणूस वाकतो कसा, ते बघायची तुम्हाला चटक लागली होती.

त्या वाकण्याची तालीम मंगळवारी सकाळी चालली होती. हॉलीवूड बुलेव्हार्डवर, दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर, वकील मार्टी केसलरच्या ऑफिसात. टेबलामागे मार्टी चौकशी समितीचा अध्यक्ष होऊन बसला होता. समोरच्या खुर्चीत साक्षीदार, लेलंड प्राउटी. पडद्यावर पन्नासदा शेरीफ झालेला हा नट कम्युनिस्ट म्हणून स्टुडिओंच्या काळ्या यादीत पडल्यापासून दीड वर्षं व्हॅन नाइस उपनगरात गालिचे विकत होता. कम्युनिस्टांच्या बैठकांना येणाऱ्या सात जणांची नावं गुरुवारी समितीपुढे घेतली, की सोमवारी पुन्हा शूटिंग. कपड्यांची मापंसुद्धा देऊन झाली होती.

"चौथ्या नावाआधी जरा थांब," मार्टी म्हणाला. "घडाघडा म्हणू नकोस. तुला जड जातंय असं वाटलं पाहिजे त्यांना."

"जातंयच."

"मग दिसू दे की! नट ना तू?"

लेलंडने पुन्हा सुरुवात केली. सहा जण, सहाही मित्र. सगळ्यांची नावं आधीच कुणी ना कुणी दिलेली, सगळे आधीच घरी बसलेले. बुडालेल्यांना तू काय नव्याने बुडवणार, असं सांगून सांगून मार्टीने त्याला तयार केलं होतं. सहावं नाव हेस्टर लिंडचं. तिच्या मुलीचा तो धर्मपिता होता. ते नाव त्याने खोकल्यात उरकलं.

सातवं आजच वॉशिंग्टनहून फोनवर आलं होतं, यादीखाली हाताने उतरवून घेतलेलं. लेलंडने कागद डोळ्यांजवळ धरला.

"ईझ्रा टकर," त्याने वाचलं, आणि तो हसतच सुटला.

"काय झालं?"

"मार्टी, हा गिरणीचा म्हातारा रखवालदार."

"मग? कामगार असला तर बरंच की."

"अरे बाबा, नाटकातला! अडतीस साली स्पेनच्या युद्धात सापडलेल्या पोरांच्या दुधासाठी आम्ही युनियनच्या हॉलमध्ये नाटक केलं होतं ना? मीच झालो होतो टकर. दुसऱ्या अंकात मरतो तो. कुणीतरी हँडबिलावरून नावं उतरवलीत, आणि शेवटच्या ओळीत नट सोडून पात्र उचललंय."

मार्टी हसला नाही. त्याने कागद ओढून घेतला.

"इथे लिहिलंय, तीन बैठकांना हजर. वर्गणी भरली. एकाने पाहिलंय त्याला. शपथेवर सांगितलंय."

"कुणी?"

"ते सांगत नाहीत."

लेलंडचं हसू गेलं. त्याने कागद परत घेतला आणि बोट ठेवत वर गेला. हेस्टरच्या नावापुढेही तेच होतं. तीन बैठकांना हजर. वर्गणी भरली. सहाच्या सहा नावांपुढे तेच.

"त्यांना कळव, चूक झालीय म्हणावं."

"चुकलो म्हणणारी माणसं आहेत का ती? आणि तुझं काय जातंय? जो जन्मालाच आला नाही त्याचं नाव घ्यायला कसली लाज? कुणाची नोकरी जायची नाही, कुणाची बायको रडत फोन करायची नाही."

"आणि त्यांनी विचारलं, हल्ली कुठे राहतो तो?"

"म्हण, आठवत नाही. चल, पहिल्यापासून." मार्टीने अध्यक्षाचा आवाज लावला. "साक्षीदार, त्या बैठकांत तुम्ही कुणाकुणाला पाहिलंत?"

लेलंड उठला. कागद त्याने टेबलावर पालथा टाकला. मग त्याचे खांदे उतरले, डावा गुडघा वाकला, आणि हातात नसलेला कंदील त्याने उचलून मार्टीच्या तोंडासमोर धरला. चौदा वर्षं न वापरलेला आवाज घोगरा होऊन बाहेर आला.

"मी टकर, साहेब. गिरणीवर असतो. माझं नाव घेतलंत म्हणून आलो."

"लेलंड, बस खाली. सोमवारचं शूटिंग घालवशील."

कंदिलाचा हात हलला नाही.

"मला कुठल्या बैठकीत पाहिलंत, साहेब? कुणी पाहिलं? बोला."