निळं कधी येणार?

"पुन्हा विटकरी! काय खाल्लंत धोंडाबाई? खरं सांगा."

लताबाईंनी चिमट्यात धरलेली काचेची नळी खिडकीच्या उजेडात नेली. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. साखर नसेल तर औषध निळंच राहतं, थोडी असेल तर हिरवं होतं, आणि भरपूर असेल तर हे असं, पक्क्या विटेसारखं.

"खंडोबाची आन, काय नाय खाल्लं," धोंडाबाई म्हणाल्या. "कारलं खाऊन खाऊन आता माझा बोलबी कडू झालाय, विचारा हिला."

"तो आधीपासूनच होता," बाजूला उभी असलेली सून सिंधू पुटपुटली.

लताबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. पंचवटीतल्या या दवाखान्यात लघवी-रक्त तपासायचं काम त्यांचं. माणूस थापा मारतो, नळी मारत नाही, यावर त्यांचा भारी विश्वास होता. त्यामुळे ही गोड म्हातारी चोरून गूळ खाते, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

धोंडाबाई सायखेड्याच्या. दिवाळीनंतर चक्कर येऊन पडल्या तेव्हा वाल्मीकनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना नाशकात आणलं. वाल्मीक कचेरीत कारकून. सकाळी गेला की दिवेलागणीला परत. घरात मूलबाळ अजून नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, "साखर आहे, पण नुसत्या पथ्यानं उतरेल. लागोपाठ दोनदा निळं आलं की खुशाल गावी जा."

झालं! तेव्हापासून धोंडाबाईंचा सगळा जीव त्या नळीत. गावाकडे गाय गाभण होती आणि ती जावेच्या, कुसाबाईच्या भरवशावर सोडलेली. "पयल्या वेताची गाय हाय बाई. लय बुजरी. माझ्या हाताबिगर कुणाला जवळ येऊ देयाची नाय," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. मध्यंतरी एकदा निळं आलं, तर त्यांनी घरी जाऊन गाठोडंच बांधलं. पुढच्या खेपेला पुन्हा विटकरी. गाठोडं सुटलं.

सिंधू दर खेपेला बरोबर यायची. घरून आणलेली लघवीची बाटली तिच्याच पिशवीत असायची, खाली मेथीची जुडी, द्राक्षं, वर बाटली. आणि दोघींची तोंडं रस्ताभर चालू.

"बाटली नीट धर, सांडशील."

"धरलीय हो! किती वेळा सांगाल?"

"सांगूनबी आमटीत मीठ जास्तच पडतं ना?"

"बघा बाई," सिंधू लताबाईंकडे वळायची, "दिवसभर हेच. दार उघडं का, पदर असा का. कान किटले माझे."

म्हातारी एकदाची गावी गेली की ही पोरगी सुटकेचा श्वास टाकेल, असं लताबाईंना वाटायचं. त्यांनाही सासू होती. त्यांना कळत होतं.

आज मात्र डॉक्टरांनी आत डोकावून नळी बघितली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पथ्यानं भागत नाही म्हणजे इंजेक्शन. उद्यापासून, रोज. मग गाव विसरा, आजी."

"इंजेक्शन नको, डॉक्टर!" सिंधू एकदम म्हणाली. "पथ्यच चालू ठेवा ना."

रोजची ये-जा हिच्याच गळ्यात पडणार, म्हणून ही नको म्हणते, लताबाईंनी ओळखलं. डॉक्टर आपल्या खोलीत गेले. सिंधू पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

धोंडाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "माझी गाय गं बाई... मी चोरून काय खाल्लं असंल तर माझ्या वाल्मीकची शपथ."

एकुलत्या एक मुलाची खोटी शपथ ही बाई मेली तरी घेणार नाही. लताबाईंनी एक धुतलेली कोरी बाटली धोंडाबाईंच्या हातात दिली.

"मागे मोरी आहे. आत्ता, इथंच घेऊन या."

नळी उकळली. निळी. लताबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी दुसरी नळी घासून घेतली, पुन्हा उकळली. निळीच!

"अगं माझी बाय ती!" धोंडाबाईंनी लताबाईंच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि ती नळी चिमट्यासकट घेऊन त्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यासुद्धा. "डॉक्टर, निळं! बघा तरी, निळं!"

लताबाई बाहेर आल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"सिंधू, बाटलीत काय घालतेस?"

सिंधू जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "आधी साखर घातली होती. तरी निळंच आलं."

चहात घालायच्या साखरेनं या औषधाचा रंग बदलत नाही, हे तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार?

"मग?"

"मग द्राक्षं पिळली."

"अगं भवाने!" लताबाईंचा आवाज चढला. "उद्या त्यांना सुई टोचली असती! साखर नसलेल्या माणसाला ते इंजेक्शन दिलं तर जीव जातो, जीव! इतकी नकोशी झाली का गं तुला ती म्हातारी?"

"नकोशी?" सिंधूनं मान वर केली. तिचे गाल भिजले होते. "अहो बाई, निळं आलं की त्या गावी जाणार. मग दिवसभर माझ्यावर ओरडायला घरात राहतं कोण?"